लेकीकडे परदेशी जाताय? आधी तारीख पाहा

मैत्रिणींनो, लेकीचं बाळंतपण म्हटलं की आपली तयारी डिंक, आळीव आणि झबली-टोपड्यांपासून सुरू होते. पण लेक अमेरिकेत असेल, तर आधी तारखांचा हिशेब मांडा, बरं का!

आमच्या गंगापूर रोडवरच्या एका वहिनींचंच पाहा. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा, म्हणून त्यांना वाटलं, हवं तितकं राहता येईल. बाळंतपणाआधी दोन महिने गेल्या. पण व्हिसा ही नुसती दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, आणि बहुधा सहा महिनेच देतो. नातू चार महिन्यांचा झाला, लेकीची रजा संपली आणि वहिनींची मुदतही! मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला होता. दोन महिन्यांनी उत्तर आलं, नकाराचं. चार दिवसांत रडतरडत बॅगा भरल्या.

"मी काय तिथे नोकरी मागत होते?" असं त्या अजून विचारतात. त्यांचं दुःख खरं आहे. पण पाहुणा ठरल्या वेळी परतणार, हेच त्या व्हिसाचं मूळ. मार्च २०२० मध्ये भारतात येणारी विमानं बंद झाली, तेव्हा अडकलेल्या आईवडिलांनाही अमेरिकेने सरसकट मुदतवाढ दिली नाही. ज्याचा त्याने अर्ज करायचा होता.

तेव्हा, पोहोचल्याबरोबर मुदतीची तारीख लेकीकडून संगणकावर पाहून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्ज करायचाच, तर मुदत संपायच्या आत. "राहिलं चार दिवस जास्त, तर काय होतंय?" असं मुळीच म्हणू नका. अर्ज न करता एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त राहिलं तर तीन वर्षं, आणि वर्षभर राहिलं तर दहा वर्षं प्रवेश बंद.

लेक कॅनडात असेल, तर तिथल्या 'सुपर व्हिसा'ची चौकशी करा. त्यावर २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं.

आणि सर्वांत सोपा उपाय घरातच आहे. फार आधी जाऊ नका, आणि मानपान बाजूला ठेवून विहीणबाईंशी बोला. आधी तुम्ही, मग त्या. दोन आज्यांनी पाळी वाटून घेतली, तर बाळाला जवळजवळ वर्षभर आजीची मांडी मिळेल!