एक वर्ष जास्तीचं

“आपा, पोरगी परीक्षा पास झाली, डिग्री हातात आली, मग हे एक वर्ष जास्तीचं कशाला? आमच्याच लेकरांना शिक्षा का?” ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात देता देता भाभींनी मला विचारलं. त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. सुप्यात नगर-पुणे रस्त्यावर तिच्या अब्बांचं गॅरेज. शेताचा तुकडा विकून त्यांनी 2015 मध्ये तिला डॉक्टरकीसाठी चीनला पाठवलं. शेवटच्या वर्षाला असताना, जानेवारी 2020 मध्ये, ती सुट्टीला घरी आली आणि इथंच अडकली. चीननं परदेशी विद्यार्थ्यांना परत घ्यायला सुरुवात केली ती 2022 मध्ये. तोवर राहिलेला अभ्यास तिनं गच्चीवर, रेंज मिळेल त्या कोपऱ्यात बसून मोबाइलवर पूर्ण केला.

अशा मुलांचं करायचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल 2022 मध्ये न्यायालयानं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला मार्ग काढायला सांगितलं. जुलैमध्ये आयोगानं ठरवलं की, शेवटच्या वर्षातून परतलेल्या आणि 30 जून 2022 पर्यंत अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना एफएमजीई परीक्षा देता येईल, पण पास झाल्यावर इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची. ही परीक्षा 300 गुणांची, पास व्हायला 150 लागतात, आणि बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण नापासच होतात. आमची मुलगी तिसऱ्या खेपेला पास झाली. भाभींचा जीव तुटतो तो उगाच नाही.

मी मुलीलाच विचारलं. ती हसली. “मॅडम, पहिल्या दिवशी एका आजोबांचं रक्त काढायला सांगितलं. व्हिडिओत पन्नास वेळा पाहिलं होतं. पण त्यांची शीर सापडेना, हात थरथरायला लागला. शेवटी सिस्टरनं माझा हात धरून सुई घालून दाखवली.” लिव्हरच्या सूजेची सगळी कारणं तिला पाठ होती, पण पोटावर हात ठेवून ते बोटांना लागतं कसं, हे तिला वॉर्डात येऊन तीन आठवड्यांनी कळलं. आणि भाषा! ती शिकली इंग्रजीत. इथं बाई सांगते, “पोटात कळ येती, हातपाय गळाल्यागत होत्यात.” हे कोणत्या पुस्तकात असणार?

मला माझीच गोष्ट आठवली. लॉकडाऊनमध्ये मीही मोबाइलवर उर्दू शिकवलं. फटाफट उत्तरं देणारी मुलं शाळा उघडल्यावर फळ्यापाशी आली, तर त्यांना अक्षरं जोडून लिहिता येईनात. मी उत्तरं ऐकली होती, हात पाहिलाच नव्हता. बी.एड.ला तरी सराव पाठांशिवाय कोणी वर्ग हाती दिला होता का? आणि आमच्या हातून चुकलं तर फार तर एक धडा वाया जातो.

हकीम राझींबद्दल इब्न नदीमनं हजारेक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. रोगी आधी बाहेरच्या रांगेतल्या शागिर्दांकडे जाई, त्यांना उमगलं नाही तर आतल्या रांगेकडे, आणि शेवटी राझींकडे. शागिर्द चुकला तरी मागे उस्ताद बसलेला असे. जास्तीच्या वर्षात या मुलीला तेच मिळतंय.

भांडायचंच तर विद्यावेतनासाठी भांडा, असं मी भाभींना म्हटलं. परदेशात शिकलेल्यांकडून इंटर्नशिपची फी घेऊ नये, विद्यावेतन इथल्या मुलांइतकंच द्यावं, असं आयोगानं मार्च 2022 मध्येच सांगितलंय. तरी मुलीला पहिले चार महिने काही मिळालं नाही.

यंदा कोणी लेकरांना बाहेर पाठवत असेल, तर एजंटाच्या चहाआधी नियम वाचा. 18 नोव्हेंबर 2021 पासून नियम बदललेत. किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, शिवाय इथं आणखी 12 महिने. “थोडं ऑनलाइन चालतं” असं कोणी सांगितलं तर उठून या.

भाभींची खरी काळजी वेगळीच होती, ती वाटी रिकामी झाल्यावर बाहेर आली. श्रीगोंद्याहून पैगाम आलाय, मुलाकडचे थांबायला तयार नाहीत, पोरगी अठ्ठावीसची झाली. मी काही बोलायच्या आत आतून मुलीचा आवाज आला, “अम्मी, त्यांना सांग, मार्चपर्यंत माझी नाइट ड्यूटी आहे.” अब्बांनी परवा फोन करून तेच कळवलं म्हणे.