किल्टच्या आत काय?

गेल्या शनिवारी स्टर्लिंगला ऑफिसातल्या मित्राचं लग्न होतं. किल्ट घालून गेलो. फोटो पाहून ताईने कळवलं, "घागरा छान दिसतोय." मावशीने विचारलं, थंडी नाही का वाजत? (नाही वाजत, मावशी. कमरेला आठ वार लोकरीचं कापड असतं. तुझ्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी, आणि निऱ्या पुढे नाहीत, मागे.) हे सगळं ठीक आहे. घरच्यांनी चेष्टा नाही करायची तर कुणी करायची? आज लिहायचंय ते परक्यांबद्दल.

एडिंबरात येऊन चौदा वर्षं झाली. त्यातली सातेक वर्षं स्वतःचा किल्ट आहे. ब्लॅक वॉच टार्टनचा, गडद निळा-हिरवा. बरेचसे टार्टन कुठल्या ना कुठल्या घराण्याचे म्हणून ओळखले जातात. हा पलटणीचा, त्यामुळे कुणीही घातला तरी कुणाची हरकत नसते. विकत घेताना मला भीती होती ती वेगळीच. वाटायचं, सावळ्या माणसाला किल्टमध्ये बघून लोक म्हणतील, हा कोण टिकोजीराव आला! तसं एकदाही झालं नाही. उलट एका आजोबांनी भर बसस्टॉपवर मला थांबवून सांगितलं की तुझं स्पोरन फार खाली आलंय. (स्पोरन म्हणजे पुढे लटकणारी चामड्याची पिशवी. या किल्टला खिसे नाहीत.) नुसतं सांगून थांबले नाहीत, पट्टा आवळायला लावला. आपल्याकडे लग्नात कुणीतरी अनोळखी काका येऊन फेटा सारखा करून देतात ना, अगदी तसं. त्या दिवशी मी फार खुशीत घरी गेलो होतो.

पण हे झालं दिवसाउजेडी. रात्री, दोन पेग पोटात गेल्यावर, लोकांना एकच प्रश्न सुचतो: आत काय घातलंयस? त्याचं इथलं ठरलेलं उत्तरही आहे, "बूट आणि मोजे". पहिल्या वीसेक वेळा मीही तेच सांगून हसलो.

तर शनिवारी रात्री वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडून प्रिन्सेस स्ट्रीटवर बसची वाट बघत उभा होतो. पाच-सहा बायकांचा घोळका आला. त्यातली एक होणारी नवरी, डोक्याला प्लॅस्टिकचा मुकुट वगैरे. एकीने तो प्रश्न विचारला. मी तोंड उघडायच्या आत दुसरीने मागून किल्ट उचलला. पार कमरेपर्यंत. तिसरीचा मोबाइल तयारच होता. स्टॉपवरचे सगळे हसले. मीही हसलो, आणि मला अजून खुपतंय ते तेच. (आई, आत चड्डी होती. काळजी नसावी.)

रविवारी मराठी मित्रांच्या जेवणात हे सांगितलं, तर एक जण म्हणतो, "नशीबवान आहेस लेका! आम्हाला कुणी विचारत नाही." सोमवारी ऑफिसात ऐकलं, "आता तू खरा स्कॉटिश झालास." आणि दोन्हीकडे शेवटी तेच पालुपद: किल्ट घातला की एवढं चालायचंच.

का चालायचं? हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय, फक्त ते आजवर मुलींना सांगितलेलं ऐकलं होतं. असे कपडे घातले तर लोक असं वागणारच, हे मुलीच्या बाबतीत म्हणणाऱ्याशी माझे हेच मित्र तावातावाने भांडतात. कपडा पुरुषाच्या अंगावर आला की त्यांचा सगळा मुद्दाच गळून पडतो?

ताई म्हणेल, बायकांना जे रोज सोसावं लागतं त्यापुढे हे काय! मान्य. मी त्या रात्री बसमधून उतरून अंधारातून एकटा घरी चालत गेलो आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ती चैन तुला नाही, हे मला कळतं. पण तुझं मोठं आहे म्हणून माझी गंमत होते का? कायदाही तसं मानत नाही. कपड्यांखालचे फोटो असे काढणं स्कॉटलंडमध्ये २०१० सालच्या कायद्याने गुन्हा ठरलं, इंग्लंड-वेल्समध्ये २०१९ साली. स्कर्टला एक आणि किल्टला दुसरा, असा नियम त्यात नाही.

दुसरा युक्तिवाद परंपरेचा. कसली डोंबलाची परंपरा? जॅकोबाइट बंडानंतर १७४६ साली सरकारने या पोशाखावर बंदी घातली. सैन्यातले लोक सोडून कुणी घातला तर पहिल्या वेळी सहा महिने तुरुंग, पुन्हा घातला तर सात वर्षं समुद्रापार रवानगी. १७८२ मध्ये ती बंदी उठली. ज्या कपड्यावर अशी छत्तीस वर्षं गेली, तो दारूच्या नशेत वर करून बघणं याला परंपरा म्हणायचं?

आणि मी निदान हौसेने घालतो. त्या लग्नात वाढायला एक विशीचा मुलगा होता, हॉटेलचा गणवेश म्हणून किल्ट. दोन्ही हातांत ट्रे. तो सारखा भिंतीला पाठ लावून, कडेकडेने सरकत होता. मला वाटलं, लाजाळू असेल. रात्री बसमध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

आता जे लिहितोय ते लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. पुण्यात हॉस्टेलला माझा रूममेट केरळचा होता. पहिल्या वर्षी तो मेसमध्ये लुंगी नेसून यायचा. ती ओढणे हा आमचा खेळ. मी स्वतः दोनदा ओढली आहे. तोही हसायचा, म्हणून आम्हाला वाटायचं की त्यालाही मजा येतेय. परवा त्याला मेसेज करून विचारलं, तुला आठवतं का रे? बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "दुसऱ्या वर्षापासून मी मेसमध्ये लुंगी नेसून आलोच नाही. तुझ्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. तीन वर्षं एका खोलीत राहून.

ऑक्टोबरात इन्व्हरनेसला अजून एक लग्न आहे. बायको म्हणते, सूट घाल, कटकट नको. किल्ट कालच ड्रायक्लीनला टाकून आलोय.