जनरेटर किती केव्हीएचा? आधी पाहुण्याला दिलेला शब्द मोजा



पावसाळा तोंडावर आला की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतो. "सर, गगनबावड्याला दोन खोल्यांचं होमस्टे करतोय. जनरेटर किती केव्हीएचा घेऊ?" गाव बदलतं. कधी आंबा, कधी राधानगरी, कधी पन्हाळा. आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही ठरलेलं असतं: "पाच केव्हीएचा घेऊन टाकतो, म्हणजे टेन्शन नाही."

माझं मत सरळ सांगतो. दोन खोल्यांच्या कौलारू घराला पाच केव्हीएचा जनरेटर घेणारा माणूस हिशोब टाळतोय, आणि त्या टाळाटाळीचे पैसे पुढची पाच वर्षं भरणार आहे. हे मी स्वतः भरून बसलोय म्हणून सांगतो.

पन्हाळा तालुक्यात आमच्या मळ्यात दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, तेव्हा मीही मोठाच जनरेटर आणला. का? तर गिझर चालला पाहिजे. पहिल्याच पावसाळ्यात पुण्याचं एक कुटुंब आलं. संध्याकाळी लाईट गेली, जनरेटर सुरू झाला आणि बोलणंही ऐकू येईना. दुसऱ्या रात्री पाऊस वाढला, म्हणून आमच्या राखणदारानं मशीन भिजू नये या काळजीनं ते पडवीत आणून ठेवलं. सकाळी आजी आणि नातू दोघांचं डोकं धरलेलं, नातवाला उलट्या. आम्ही म्हटलं, तांबडा रस्सा बाधला. पाहुणे गेले. नंतर मशीन दुरुस्त करायला उद्यमनगरातला मिस्त्री आला. पडवीची काळवंडलेली भिंत बघून म्हणाला, "सर, रस्सा नव्हं, धूर बाधला त्यास्नी."

कौलांच्या फटीतून हवा खेळत होती म्हणून निभावलं. स्लॅबची बंद खोली असती तर आज मी तुम्हाला धंदा शिकवत नसतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी लोड कमी करायचा, मग मोजायचा, मग मशीन निवडायचं.

लोडची यादी काढा

वही घ्या. एलईडी बल्ब दहा, ९ वॅटचे: ९०. साधे पंखे तीन, ७५ वॅटचे: २२५. मोबाईल चार्जिंग आणि वायफाय: ६०. फ्रिज: १५०. एक एचपीचा पंप: सुमारे ११००. मिक्सर: ७५०. गिझर: २०००. बेरीज ४३७५ वॅट. इथंच लोक घाबरून पाच केव्हीएकडे वळतात.

आता यातल्या प्रत्येक वस्तूला विचारा, लाईट नसताना तू चालूच पाहिजेस का?

गिझरचं उत्तर: नाही. आपल्याकडे तांब्याचा बंब आहे ना! शहरातला पाहुणा बंबाच्या पाण्यानं आंघोळ करून फोटो काढतो. (गॅस गिझर लावणार असाल तर बाथरूमच्या बाहेर लावा, बंद बाथरूममध्ये तोही घात करतो.)

पंपाचं उत्तरही नाही. मोटर सुरू होताना चालू करंटच्या तीनपट किंवा त्याहून जास्त करंट क्षणभर ओढते. म्हणजे ११०० वॅटच्या पंपासाठी तुम्हाला तीन-साडेतीन हजार वॅटचं मशीन घ्यावं लागतं, तेही त्या दोन-तीन सेकंदांसाठी. त्यापेक्षा हजार लिटरची आणखी एक टाकी उंचावर बसवा आणि लाईट असताना भरून ठेवा. मिक्सरची वाटणंही लाईट असतानाच उरकता येतात.

उरलं काय? ५२५ वॅट. फ्रिज सुरू होतानाचा धक्का धरला तरी हजार-अकराशेच्या आसपास. पाच केव्हीएचं काम दोन केव्हीएवर आलं.

मशीन कुठलं?

दोन केव्हीएच्या आसपासचा, इन्व्हर्टर प्रकारचा पोर्टेबल पेट्रोल जनरेटर. लोड कमी असेल तेव्हा त्याचं इंजिन हळू फिरतं, म्हणून आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतं. व्होल्टेज स्थिर राहतं, त्यामुळे पाहुण्याचा लॅपटॉप सुरक्षित. वजन वीस-पंचवीस किलो, एका माणसाला उचलता येतं. दुकानदार 'मॅक्सिमम'चा आकडा सांगेल, तुम्ही 'रेटेड'चा बघा. आणि उंचीचा हिशोब धरा. शंभर मीटरमागे इंजिनची ताकद साधारण एक टक्का घटते. पन्हाळ्यासारख्या ठिकाणी आठ-दहा टक्के कमीच धरून चला.

त्याच्या जोडीला घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी ठेवा. दिवे, पंखे, चार्जिंग मिळून ३७५ वॅट, म्हणजे तीन तास निघतात. पंखे बीएलडीसी घेतले तर जवळजवळ पाच तास. दिवसा तीन-चार तास जनरेटर चालवून फ्रिज थंड करा, बॅटरीला चार्ज द्या. पाहुण्यांच्या झोपेच्या वेळी जनरेटर बंदच ठेवायचा. राधानगरीच्या जंगलाशेजारी माणूस बेडकांचा आवाज ऐकायला येतो, इंजिनचा नाही. सोलर जरूर बसवा, पण गगनबावड्याच्या जुलैत त्याच्या भरवशावर राहू नका.

या चार गोष्टींत तडजोड नाही

एक, जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. पावसासाठी चारही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड करा. पडवी, गोठा, पोर्च, काहीही चालणार नाही. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही.

दोन, दोन्हीकडे पिन असलेली वायर करून जनरेटर घराच्या प्लगमध्ये खुपसू नका. तुमची २३० व्होल्टची वीज उलटी जाऊन ट्रान्सफॉर्मरमधून ११ हजार व्होल्टची होते, आणि भर पावसात तुमचीच लाईट जोडायला खांबावर चढलेला वायरमन मरतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्या.

तीन, पेट्रोल गरम मशीनमध्ये ओतू नका, आणि साठवायचं तर पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, थोडंच. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसापासूनही ते बनतं, पण ते ओलावा ओढतं. चार महिने पडून राहिलेलं पेट्रोल ऐन वेळी दगा देतं. पंधरा दिवसांतून एकदा मशीन चालवा, सीझन संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं करा.

चार, राखणदाराला हे सगळं हातानं करून दाखवा. माझ्याकडे मशीन चुकीचं होतंच, पण खरी चूक अशी की मी त्या बिचाऱ्याला काहीच सांगितलं नव्हतं.

आता धंद्याचं

छोटा जनरेटर तासाला लिटरभराच्या आतबाहेर पेट्रोल पितो आणि त्यातून दीड-दोन युनिट वीज देतो. लिटरला शंभराच्या वर मोजतो आपण. म्हणजे युनिट पन्नास रुपयांच्या पुढं. या विजेवर गिझर चालवून खोलीच्या भाड्यात नफा शोधणार कुठं?

घाई असेल तर पहिला सीझन भाड्यानं काढा. मंडपवाल्यांकडे, उद्यमनगरात चौकशी करा. किती वेळा लाईट गेली, किती तास गेली, ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी ती वही घेऊन दुकानात जा.

आणि बुकिंग घेतानाच स्पष्ट सांगा: "पावसात लाईट जाते. तेव्हा दिवे, पंखे, चार्जिंग आणि गरम पाणी मिळेल. एसी नाही." ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गसुद्धा कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी कुठलंही मशीन सगळं पुरवू शकत नाही. रेड अलर्ट असेल तर बुकिंग रद्द करून पैसे परत द्या. तेवढंच वचन द्या जेवढं पाळता येईल, आणि मग त्या वचनाच्या मापाचं मशीन घ्या.

त्या पुण्याच्या कुटुंबाला मी नंतर फोन करून खरं कारण सांगितलं आणि माफी मागितली. ते पुन्हा आले नाहीत. येणारही नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

आजचा गृहपाठ: दुकानात जाण्याआधी लोडची यादी आणि मशीन ठेवायची जागा, दोन्ही कागदावर काढा. जागेपासून सर्वांत जवळच्या खिडकीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा. वीस फुटांपेक्षा कमी भरलं तर आधी जागा बदला.

भेटू पुढच्या व्हिडिओत.