नंबर कितवा?

परीक्षेचा निकाल असो की तालुक्याच्या स्पर्धा, मूल उंबऱ्यात पाऊल टाकते न टाकते तोच आपण विचारतो, "कितवा नंबर आला?" शाळेत मुलीही मला विचारतात, "बाई, सानिया मिर्झा जगात कितवी होती हो?" मैत्रिणींनो, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही.

टेनिसमध्ये खेळाडूचे मोल दोन मापांनी करतात. पहिले माप जागतिक क्रमवारीचे. महिलांची ही क्रमवारी १९७५ पासून संगणकावर काढतात. फक्त गेल्या ५२ आठवड्यांचे गुण धरायचे, त्याआधीचे गळून पडतात. मोठ्या स्पर्धेत एकेरी जिंकली तर २००० गुण, पहिल्याच फेरीत हरली तर १०. आपल्या नारायणगावच्या बाजारातल्या टोमॅटोसारखेच! मागच्या मोसमात चढा भाव होता, म्हणून आज कोणी जास्त देत नाही.

दुसरे माप मोठ्या विजेतेपदांचे. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन आणि अमेरिकन, अशा वर्षातून ४ स्पर्धा. इथले विजेतेपद मात्र कधी गळत नाही. नाणेघाटात नागनिका राणीचा लेख दोन हजार वर्षे टिकून आहे ना, तसे ते कायमचे कोरले जाते.

आता सानियाचे बघा. जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादेत. एकेरीत २००७ साली ती २७ वी होती, त्यावर कधी गेली नाही. दुहेरीत २०१५ साली जगात पहिली! मोठी विजेतेपदे ६. महिला दुहेरीची ३, मिश्र दुहेरीची ३. मग तिला २७ वी म्हणायचे की पहिली?

खरी गोम पुढेच आहे. बाळंतपणात वर्ष गेले की गुणही गेले. अमेरिकेच्या सेरेना विल्यम्सने जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली, तेव्हा तिला दिवस गेले होते. सप्टेंबरात मुलगी झाली. २०१८ च्या फ्रेंच स्पर्धेला उतरली, तेव्हा तिचा क्रमांक साडेचारशेच्याही मागे! त्याच वर्षी ती विंबल्डनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली. यावर बरीच चर्चा झाली आणि २०१९ पासून नियम सोयीचे झाले. बाळंतपणानंतर काही ठराविक स्पर्धांत जुन्या क्रमांकावर प्रवेश घ्यायला ३ वर्षांची मुदत मिळू लागली. सानियाला ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. जानेवारी २०२० मध्ये परतून तिने होबार्टची दुहेरी जिंकली.

काही यश तर दोन्ही मापांत बसत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. पहिला सेट गमावून जिंकले हो! पण त्या पदकाने क्रमवारीत एकही गुण वाढत नाही.

म्हणून, लेक खेळत असेल तर एक साधी वही घाला. तारीख, कोणाशी खेळली, किती गुणांनी हरली वा जिंकली, एवढेच लिहा. सहा महिन्यांनी दोघी मिळून चाळा. हरतानाही गुण वाढत गेलेले दिसतील, ते नंबरात कुठेच नसतात. आणि मुलांसाठी तुम्ही स्वतः काही वर्षे थांबला असाल, तर तुमचाही हिशेब शून्यापासून मांडू नका, कोणाला मांडूही देऊ नका.