वेदीवरचा ग्रंथ आणि हातातली पाटी

धर्मग्राम परिषदांच्या बैठकांतून अलीकडे एक सूचना मोठ्या उत्साहाने मांडली जाते. मिस्साग्रंथ जड आहे, त्याची पाने सुटू लागली आहेत, नवा घ्यायचा तर खर्च आहे. तेव्हा वेदीवर एक टॅब्लेट ठेवावा, वाचनमंचावर दुसरा ठेवावा, म्हणजे प्रार्थना, वाचने, गीते सारे काही एका बोटासरशी हाताशी येईल. सूचना मांडणारे बहुधा तरुण असतात, त्यांच्या हेतूत काही खोट नसते, आणि त्यांना विरोध करणाऱ्याला 'जुन्या वळणाचा' म्हणून गप्प बसविणे सोपे असते. आम्ही गप्प बसणार नाही. वेदीवर आणि वाचनमंचावर या उपकरणाला स्थान असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. धर्मसभा यंत्राला भिते, हा आरोप इतिहासाला धरून नाही. हिंदुस्थानातला पहिला छापखाना 1556 साली गोव्यात आला तो येशूसंघीयांच्या हाती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूर येथे छापून निघाले, तेही रोमन लिपीत. कारण देवनागरीचे खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्या इंग्रज धर्मगुरूने लिपीची अडचण सोसली, पण छपाईची संधी दवडली नाही. आपल्या काळातही इटलीतील फादर पाओलो पाद्रिनी यांनी 2008 साली 'आयब्रेव्हिअरी' हे प्रार्थनेचे ॲप सिद्ध केले आणि 2010 साली टॅब्लेट बाजारात येताच मिस्साग्रंथही त्यावर आणला. प्रवासात असलेल्या, सामानाचे ओझे टाळणाऱ्या किती धर्मगुरूंची दैनंदिन प्रार्थना त्यामुळे चुकली नसेल! यंत्र चांगले की वाईट, हा वादाचा विषयच नव्हे. ते कोठे ठेवावे, एवढाच प्रश्न आहे.

न्यूझीलंडच्या बिशपांनी या प्रश्नाचे उत्तर 2012 सालीच दिले. अभ्यासासाठी व तयारीसाठी अशी उपकरणे खुशाल वापरा, परंतु मिस्सा अर्पण करताना याजकासमोर मान्यताप्राप्त छापील ग्रंथच असला पाहिजे, असे त्यांनी आपल्या धर्मगुरूंना कळविले. त्या पत्राची तेव्हा काहींनी थट्टा केली. आम्हांला मात्र त्यात शहाणपण दिसते.

कारण उपासनेतला ग्रंथ ही केवळ मजकुराची पेटी नाही. शुभवर्तमानाचा ग्रंथ मिरवणुकीने आणला जातो, वेदीवर ठेवला जातो, त्याला धूप दिला जातो. बिशपपदाची दीक्षा होताना तो दीक्षार्थीच्या मस्तकावर उघडा धरतात. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांच्या अंत्यविधीत, 8 एप्रिल 2005 रोजी, साध्या लाकडी शवपेटीवर तो उघडा ठेवला होता आणि वारा त्याची पाने उलटत होता. ते दृश्य साऱ्या जगाने पाहिले. वाचन संपल्यावर याजक ग्रंथाचे चुंबन घेतो. भारतीय उपासनेसाठी 1969 साली जी बारा कलमे मान्य झाली, त्यांत चुंबनाऐवजी ग्रंथाला स्पर्श करून हात कपाळी वा डोळ्यांना लावण्याची मुभा मिळाली. ती मुभा आपल्या मातीतली आहे. पुस्तकाला चुकून पाय लागला तर ते उचलून कपाळी लावावे, हे आपल्याकडे मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. टॅब्लेटला पाय लागला, तर आपण आधी काच फुटली का ते पाहतो! मग शुभवर्तमान वाचून झाल्यावर याजकाने काय कपाळी लावावे? ज्या काचेवर काल रात्री क्रिकेटचा सामना पाहिला, ती?

येथे आमचे तरुण मित्र हसून सांगतात, "मोशेने सीनाय पर्वतावरून आणल्या त्याही पाट्याच होत्या." विनोद चांगला आहे, पण तो त्यांच्याच अंगाशी येतो. त्या पाट्यांवर दुसरे काहीही लिहिले जात नव्हते. त्यांच्यासाठी सोन्याने मढविलेला कोश तयार झाला, परमपवित्र स्थानात त्यांची जागा ठरली. एका कामासाठी राखून ठेवणे, हाच पावित्र्याचा सर्वांत जुना अर्थ आहे. रस दिसतो म्हणून आपण प्रभूचा प्याला सरबतासाठी वापरत नाही. टॅब्लेटची सारी कीर्ती मात्र याच्या नेमकी उलट गोष्टीत आहे: तो हजार कामे करतो.

व्यावहारिक अडचणींवर आम्ही फार शाई खर्च करीत नाही. बॅटरी उतरते, ऐन प्रार्थनेत पडद्यावर कोणाचा तरी निरोप झळकतो, पाच-सहा वर्षांत उपकरण जुने होते आणि बांधणी चांगली असलेला ग्रंथ पिढी काढतो. या अडचणी उद्या दूर होतीलही. गंभीर बाब वेगळी आहे. उपासनेचा मजकूर धर्माधिकाऱ्यांच्या मान्यतेने छापला जातो, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणा एकाला नाही. पडद्यावरचा मजकूर कोणी टंकित केला, कोणत्या आवृत्तीवरून उचलला, एखादी ओळ कोणी गाळली, हे वाचनमंचावर उभ्या असलेल्या वाचकाला कसे कळणार?

डोळे अधू झालेल्या वृद्ध धर्मगुरूंचे काय, असा प्रश्न रास्त आहे. मोठ्या अक्षरांसाठी त्यांना पडदा हवाच असेल, तर तो द्यावा. अपवाद दयेपोटी केला की नियम मोडत नाही. परंतु तरण्याताठ्या डोळ्यांनी त्या दयेचा आधार घेऊ नये. आणि भाविकांनी तरी काय करावे? परमगुरू फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्या बुधवारच्या सभेत खेद व्यक्त केला की याजक अंतःकरणे उंचावण्यास सांगतो आणि लोक फोन उंचावतात. वेदीवरच पडदा उजळला, तर बाकांवरचे पडदे कोणत्या तोंडाने बंद करायला सांगणार?

या उपकरणाला वेदीपासून दूर केले म्हणजे ते चर्चमधून हाकलले, असे नव्हे. 2020 साली चर्चची दारे बंद झाली, तेव्हा याच पडद्यांनी घरोघर मिस्सा पोहोचविली. ती मिस्सा पाहणे होते, सहभागी होणे नव्हते, कम्युनियनची भूक त्याने भागली नाही. तरी एकाकी वृद्धांना तो आधार होता. आजही अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी कम्युनियन घेऊन जाणाऱ्या प्रापंचिक सेवकाने टॅब्लेट सोबत न्यावा. मंद झालेल्या नजरेला स्तोत्राची अक्षरे हवी तेवढी मोठी करून द्यावीत, आखातात नोकरीला असलेल्या लेकाचा चेहरा प्रार्थनेच्या वेळी आईला दाखवावा. कर्णबधिर मुलांच्या धर्मशिक्षणात खुणांच्या भाषेतील चित्रफिती फार मोलाच्या ठरतील. पापनिवेदनापूर्वी आत्मपरीक्षणासाठी 2011 साली अमेरिकेत एक ॲप निघाले, त्याला तेथील एका बिशपांची छपाईमान्यताही होती. पण पापनिवेदन याजकासमोरच करावे लागते, हे व्हॅटिकनला तेव्हा लगेच स्पष्ट करावे लागले. तयारी यंत्रावर, संस्कार समोरासमोर: ही सीमा तेव्हाच आखली गेली आहे.

तेव्हा कोणी दाता धर्मग्रामाला टॅब्लेट देऊ करील, तर परिषदेने तो आनंदाने घ्यावा आणि आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्यांच्या हाती सोपवावा. मिस्साग्रंथाची पाने सुटली असतील, तर त्याच बैठकीत बांधणीचा खर्चही मंजूर करून घ्यावा. पुस्तके बांधणारे कारागीर अजून मिळतात.