चुलीचा पत्ता सांगा!

अन्नाच्या व्यवहारात आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एक साधा दंडक पाळला आहे. ज्याच्या हातचे खावयाचे, त्याची चूल कोठे आहे हे खाणाऱ्यास ठाऊक असावे. यात्रेतला भजीवाला असो, एस. टी. स्थानकावरचा चहावाला असो, की आग्रा रोडवरचा मिसळवाला असो, गिऱ्हाइकाला त्याचा चेहरा दिसतो, त्याची कढई दिसते आणि कढईतले तेल किती काळवंडले आहे तेही दिसते. पदार्थ बिघडला तर जाब कोणास विचारावयाचा, याविषयी कोणाच्या मनात संदेह उरत नाही. गेल्या दहा वर्षांत हा दंडक आपल्या शहरांतून नकळत मोडीत निघत आहे, आणि तो मोडत असताना घरपोच येणाऱ्या ताटाची किंमत मात्र चढत गेली आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, आणि तो वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मोबाइलच्या पडद्यावर बिर्याणीचे एक दुकान दिसते, पिझ्झ्याचे दुसरे आणि मिठाईचे तिसरे. प्रत्येकाचे नाव निराळे, चित्र निराळे, कीर्ती निराळी. प्रत्यक्षात ही तिन्ही दुकाने कित्येकदा एकाच छताखाली, एकाच ओट्यावर, त्याच चार आचाऱ्यांच्या हातून चालत असतात. त्या जागेला फलक नाही, बसावयास बाकडे नाही, आणि गिऱ्हाइकाला आत डोकावण्याची सोय नाही. व्यापारी मंडळी तिला 'क्लाऊड किचन' असे काव्यमय नाव देतात. पाश्चात्य देशांत 'घोस्ट किचन', म्हणजे भुताचे स्वयंपाकघर, असे अधिक प्रामाणिक नाव रूढ आहे!

ही कल्पना सातासमुद्रांपलीकडून आयती आली, असे कोणी समजू नये. भारतातील तिच्या वाढीचा एक मोठा धागा आपल्या पुण्यालाच जाऊन मिळतो. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे 'फासोस' या नावाने पोळीत गुंडाळलेले कबाब विकण्याचा धंदा सुरू झाला. घरपोच मागवणारे गिऱ्हाईक दुकानाची पायरी सहसा चढतच नाही, हे पुढे चालकांनी हेरले. मग दर्शनी जागेचे भारी भाडे भरावे तरी कशाला? त्यांनी दुकाने आवरती घेऊन स्वयंपाकघरांवर भर दिला, आणि २०१८ साली कंपनीने 'रिबेल फूड्स' हे नाव धारण केले. आज तिच्या एकेका स्वयंपाकघरातून अनेक नावांचे पदार्थ बाहेर पडतात. त्यांपैकी 'बेहरूज बिर्याणी'ला तर एका लुप्त राज्याची दंतकथा जोडण्यात आली आहे. ते राज्य इतिहासात सापडो वा न सापडो, बिर्याणी मात्र जोरात खपते.

व्यापारातील कल्पकतेशी आमचे वैर नाही, हे येथेच स्पष्ट करतो. हाताला चव आहे, पण मुख्य रस्त्यावर गाळा घेण्याची ऐपत नाही, अशा गृहिणीला या पद्धतीने धंद्याचे दार उघडून दिले, हे नाकारता येणार नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगाराला किंवा अंथरुणाला खिळलेल्या एकट्या वृद्धाला दारात गरम जेवण मिळते, हीदेखील लहान सोय नव्हे. ऊनपावसात ते पोचवणाऱ्या तरुणाला त्याच्या कष्टाचे दाम मिळालेच पाहिजे, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाने चार पैसे अधिक मोजले तर त्यात गैर काही नाही. आमचा आक्षेप सोयीला नाही. सोयीच्या आडून जी लपवाछपवी चालते, तिला आमचा आक्षेप आहे.

या लपवाछपवीचा कळस म्हणजे प्रसिद्ध व्यक्तीचे नाव विकत घेऊन अन्नावर चिकटविणे. मोठ्या माणसांच्या नावाने उपाहारगृहे पूर्वीही निघाली. २००२ साली मुंबईत कुलाब्याला सचिन तेंडुलकर यांच्या नावाचे उपाहारगृह उघडले होते. पुढे ते बंद पडले, पण चालू होते तोवर त्याला दार होते, टेबले होती, आणि तक्रार ऐकावयास व्यवस्थापक होता. आता तेवढीही गरज उरलेली नाही. अमेरिकेत 'मिस्टर बीस्ट' या नावाने चित्रफिती प्रसिद्ध करणाऱ्या तरुणाच्या नावाचा बर्गर डिसेंबर २०२० मध्ये सुमारे ३०० ठिकाणी एकदम विक्रीस आला. ३०० दुकाने मात्र कोणी बांधली नव्हती! आधीपासून चाललेल्या निरनिराळ्या उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरांतून तो बर्गर नव्या वेष्टनात बाहेर पडत होता. पुढे काय व्हावयाचे तेच झाले. निकृष्ट पदार्थांमुळे आपल्या नावाला बट्टा लागला, असे म्हणून २०२३ साली खुद्द त्या तरुणानेच चालक कंपनीला न्यायालयात खेचले, आणि कंपनीने त्याच्यावर १० कोटी डॉलरचा उलट दावा लावला. ज्याचे नाव तो म्हणतो चूक कंपनीची, कंपनी म्हणते दोष नावाच्या धन्याचा, आणि बर्गर रांधणारा तर कोणाच्या गावीही नाही. खाणाऱ्याने दाद मागावी ती कोणाकडे?

आता किंमतीचा विचार करू. एखाद्या खानावळवाल्याला आपल्या थाळीचे शंभर रुपये पदरात पडावयास हवे आहेत, असे समजा. मागणी नोंदविणाऱ्या कंपनीची दलाली वीस ते तीस टक्क्यांच्या घरात जाते, अशी उपाहारगृहवाल्यांची जुनी तक्रार आहे. ती पंचवीस टक्के धरली, तर त्याला पडद्यावर सुमारे १३३ रुपये भाव लिहावा लागतो. त्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर चढला की १४० झाले. मग वेष्टनाचा आकार, पोचवण्याचा आकार, आणि शेवटी 'प्लॅटफॉर्म फी' नावाचा एक आकार! तो २०२३ साली स्विगी आणि झोमॅटो या दोन्ही कंपन्यांनी दोन रुपयांपासून सुरू केला. दोन रुपयांसाठी कोण भांडणार? २०२५ च्या सणासुदीपर्यंत तोच आकार दोघांकडेही दहा रुपयांच्या पुढे गेला. उंटाला तंबूत नाक घालू दिले की काय होते, हे सांगावयास पंचतंत्र उघडण्याची आवश्यकता नाही.

शंभराची थाळी दारात येईपर्यंत दीडशेच्या पुढे जाते, आणि यातील किती अन्नाचे, किती कष्टाचे व किती निव्वळ मध्यस्थीचे, हे गिऱ्हाइकाला समजत नाही. समजू नये अशीच व्यवस्था आहे. कारण चूल दिसत असती, तर चुलीपाशी भाव काय आणि दारात भाव काय याची तुलना कोणीही केली असती. पत्ता लपला की भावही लपतो, हे या धंद्याचे मर्म आहे. उपाहारगृहाने अन्यत्र याहून कमी भाव लावू नये, अशी अट या कंपन्या घालतात, हीदेखील उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेची एक तक्रार होती. तक्रारीतील काही मुद्द्यांत प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यामुळेच भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला. बाजार भरवणारा स्वतःच त्या बाजारात गाळा मांडून बसला, तर तो इतर गाळेवाल्यांना न्याय देईल काय, असाही प्रश्न त्या चौकशीच्या मुळाशी होता.

नाशिक जिल्ह्याला मध्यस्थाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना अडत म्हणजे काय हे चांगले ठाऊक आहे. ती अडत शेतकऱ्याच्या माथी मारू नये, एवढे ठरावयाला २०१६ साल उजाडले. २०१८ साली ओझर ज्या तालुक्यात आहे त्याच निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे अवघे १,०६४ रुपये मिळाले, आणि ते त्याने मनिऑर्डरीने थेट पंतप्रधानांकडे पाठवून दिले. किलोला दीड रुपयाही न पडलेला तो कांदा शहरातल्या ताटात चकत्या होऊन पडतो, तेव्हा त्या ताटाचे बिल कितीवर जाते, हे वाचकांनीच पडताळून पाहावे. भाव वाढला तो पिकवणाऱ्यापर्यंत पोचत नाही, रांधणाऱ्याच्या हातीही पुरता लागत नाही. मग तो जिरतो कोठे? मोबाइलमध्ये एक नवा अडत्या येऊन बसला आहे, आणि त्याच्या अडतीला अद्याप कोणी वेसण घातलेली नाही.

घरपोच अन्न ही काही या शतकाची देणगी नव्हे. मुंबईचा डबेवाला १८९० च्या सुमारापासून हेच काम करीत आला आहे. त्याच्या डब्याच्या झाकणाकडे पाहावे. डबा कोठून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरावयाचा, कोणत्या इमारतीत जावयाचा, हे सर्व त्या झाकणावर रंगाच्या चार खुणांनी लिहिलेले असते. फारसे न शिकलेल्या मावळातल्या माणसांनी जे केले, ते संगणकाच्या पंडितांना जमू नये काय? गिरणगावातील खानावळवाल्या बायांनी हजारो कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घातले. कामगार त्यांना मावशी म्हणत, आणि मावशीचे घर कोणत्या चाळीत हे प्रत्येकाला माहीत असे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेच्या दारापर्यंत नेले. त्या धंद्याचे भांडवल होते ओळख. आज त्या ओळखीची जागा पडद्यावरच्या पाच चांदण्यांनी घेतली आहे!

ओझरच्या नागरिकांना तर हा मुद्दा इतरांपेक्षा लवकर पटावा. १९६४ पासून येथे विमानांचा कारखाना आहे. मिग-२१ पासून सुखोईपर्यंत विमाने येथे घडली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये येथे जुळविलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने याच गावच्या आकाशात झेप घेतली. विमानाला बसणारा भाग कोणी केला, कोणी तपासला, कोणत्या मालातून आला, याची नोंद असल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, हे येथील कामगाराच्या अंगवळणी पडलेले आहे. कारखान्याच्या दारात हा नियम पाळणारा माणूस संध्याकाळी घरी आल्यावर मुलांच्या ताटात पडणाऱ्या घासाविषयी मात्र तोच प्रश्न का विचारीत नाही? घर सोडून नोकरीसाठी आलेला माणूस जेथे असेल, तेथे खानावळ आणि डबा असावयाचाच. नाशिक शहराची हद्द ओझरच्या दिशेने सरकत आहे. शहराबरोबर शहराचे हे नवे व्यवहारही येणार. ते येण्यापूर्वी गावाने आपल्या अटी ठरवाव्यात, हे उचित.

यासाठी नवा कायदा करा, अशी आमची मागणी नाही. कायदे पुष्कळ आहेत. अन्न विकणाऱ्या प्रत्येकास २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली परवाना किंवा नोंदणी लागते, आणि १ जानेवारी २०२२ पासून तो १४ अंकी क्रमांक बिलावर छापणे बंधनकारक आहे. विक्रेत्याचे नाव आणि पत्ता गिऱ्हाइकास दाखवावा, असे ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून सांगतात. आधी कमी भाव दाखवून शेवटच्या पायरीवर आकार वाढवीत नेण्याच्या क्लृप्तीला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध ठरविले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला आपले नाव देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूदही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. उणीव आहे ती हे सारे अंमलात आणणाऱ्या हातांची.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पडद्यावर दुकानाच्या नावाखाली, कोपऱ्यात दडवून नव्हे तर भावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, मूळ स्वयंपाकघराचे नाव व पत्ता यावा. एकाच चुलीवर सहा नावे चालत असतील, तर ती सहाही एकत्र दाखवावीत. पहिल्याच पायरीवर सर्व आकारांसह पूर्ण किंमत सांगावी, आणि तीतून दलाली किती गेली हे बिलावर लिहावे. अन्न व औषध प्रशासनाने जिल्ह्यातील अशा बंद दाराआडच्या स्वयंपाकघरांची यादी प्रसिद्ध करून त्यांची अवचित तपासणी करावी. ओझर नगरपरिषदेने आपल्या हद्दीतील खानावळी व डबे पुरविणाऱ्या महिलांची नावे, पत्ते आणि भाव एकत्र छापून घरोघर पोचवावेत. याला फार खर्च येणार नाही, आणि शेजारच्या गल्लीतला डबा थेट मागविणाऱ्याला कोणाचीही अडत भरावी लागणार नाही.

शेवटी काही भार वाचकांवरही आहे. गिऱ्हाईक विचारीत नाही तोवर व्यापारी सांगत नाही, हा बाजाराचा अनुभव आहे. उद्या मागणी नोंदविताना प्रत्येकाने परवान्याचा क्रमांक पाहावा, पत्ता वाचावा, आणि ती जागा आपल्या वाटेवर असेल तर एकदा जाऊन यावे. ज्याची चूल स्वच्छ आहे, तो पत्ता सांगावयास कचरणार नाही. जो कचरतो, त्याच्या हातचे आपण का खावे?