साडेसात की साडेआठ?

आमच्या भाच्याची जकार्तात बस चुकली. ‘जाम बरापा?’ म्हणजे ‘किती वाजता?’ असे त्याने बरोबर विचारले होते. उत्तर आले, ‘सतंगाह दलापान’. सतंगाह म्हणजे अर्धा, दलापान म्हणजे आठ. त्याने साडेआठ धरले. इंडोनेशियात मात्र आठ वाजायला अर्धा तास कमी, असा हिशेब असतो. म्हणजे साडेसात!

आम्ही त्याला सांगितले, उत्तर मिळाले की आपणच पुन्हा विचारावे, ‘तुजुह तिगा पुलुह?’ म्हणजे ‘सात तीस?’ आणि शब्द उलटू नयेत, ‘बरापा जाम?’ म्हटले की अर्थ होतो, ‘किती तास?’

वेळेला तेही ‘वक्तू’ म्हणतात, आपलाच अरबी वक्त. तो जपायचा तर दोनदा विचारण्यात कसली लाज?